सूतव्यापारी डेव्हिड डेल आणि त्याचे घराणे

शहापुरातील आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात दोन माग होते. शेजारचे कन्नड विणकर त्याला मग्ग म्हणत, आम्ही माग म्हणत असू. दोन्ही घरांतली ठकठक मात्र एकाच भाषेत चाले. पहाटे वडील मागावर बसले की मी रहाटाशी बसून कांड्या भरीत असे. तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. शाळेची घंटा होण्याच्या अर्धा तास आधी वडील मला रहाटावरून उठवीत. कांड्या अपुऱ्या पडल्या तर माग थांबवून ते स्वतः भरीत, आणि तेवढे त्या दिवसाचे विणकाम कमी होई. शाळा आधी, काम नंतर, हा त्यांचा दंडक होता. त्यांना या दंडकाची काय किंमत मोजावी लागत होती, हे कळण्याचे माझे ते वय नव्हते.

हे सारे मला आठवले ते एका परदेशी सूतव्यापाऱ्याचे चरित्र वाचताना. निमित्त गोकाकच्या सहलीचे. घटप्रभेचा धबधबा, झुलता पूल आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच पाण्याच्या जोरावर उभी राहिलेली सूतगिरणी पाहून एका विद्यार्थ्याने मला विचारले की, धबधब्याशेजारी गिरणी आणि गिरणीशेजारी कामगारांचे गाव, असे विलायतेतही कोठे आहे काय? मी स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्कचे नाव घेतले आणि ते गाव रॉबर्ट ओवेन या थोर समाजवाद्याने वसवले, असे ठोकून दिले. घरी येऊन पुस्तके चाळली तेव्हा माझी चूक ध्यानात आली. ओवेन तेथे गेला तेव्हा गाव वसून, गिरण्या चालू होऊन चौदा-पंधरा वर्षे लोटली होती. ते वसवले होते त्याच्या सासऱ्याने, डेव्हिड डेलने. जावयाच्या कीर्तीच्या सावलीत हा सासरा झाकला गेला आहे.

डेव्हिड डेलचा जन्म ६ जानेवारी १७३९ रोजी स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यात स्टुअर्टन या गावी झाला. बाप किराणा मालाचा लहानसा दुकानदार. मुलाने लहानपणी गुरे राखली आणि पुढे पेझली येथे एका विणकराकडे उमेदवारी केली. मागावर तासन् तास बसणे त्याला मानवले नाही. विणकाम सोडून तो सुताच्या धंद्यात शिरला. खेडोपाडी बायका घरोघर लिननचे सूत कातीत. ते गोळा करीत हिंडायचे आणि शहरात विकायचे, असा त्याचा क्रम होता. १७६३ च्या सुमारास तो ग्लासगोला आला आणि एका रेशमी कापडाच्या व्यापाऱ्याकडे कारकून झाला. थोड्याच काळात हाय स्ट्रीटवर त्याने स्वतःचे दुकान थाटले. दुकानाचे वार्षिक भाडे पाच पौंड. तेही जड वाटल्याने अर्धी जागा त्याने एका घड्याळजीला पन्नास शिलिंगांना दिली आणि भाड्याचे ओझे बरोबर निम्मे केले. पुढे फ्रान्स आणि नेदरलँड्समधून लिननचे सूत आणवून त्याने चांगला पैसा मिळवला.

१७७७ साली त्याचे लग्न झाले. पत्नी ॲन कॅरोलाइन ही एडिंबरोच्या रॉयल बँकेतील एका बड्या अधिकाऱ्याची, जॉन कॅम्बेलची मुलगी. कोठे स्टुअर्टनचा गुराखी आणि कोठे हे घराणे! १७८३ साली रॉयल बँकेने ग्लासगोत आपली पहिली शाखा उघडली तेव्हा तिचा एक प्रतिनिधी म्हणून डेलची नेमणूक झाली. त्याच वर्षी शहरात व्यापारी मंडळ स्थापन झाले, त्याच्या संस्थापकांतही तो होता. शार्लट स्ट्रीटवर त्याने टोलेजंग घर बांधले.

या व्यापाऱ्याची दुसरी बाजू धर्माची होती. प्रस्थापित चर्चशी न पटल्याने काही समविचारी मंडळींनी वेगळा पंथ काढला आणि १७६९ पासून डेल त्यांचा उपदेशक झाला. एका मेणबत्त्या बनवणाऱ्याच्या पैशातून बांधलेल्या प्रार्थनागृहात तो दर रविवारी प्रवचन करी. लोकांनी त्या घराला मेणबत्त्यांचे चर्च असेच नाव पाडले होते. ना पदवी, ना दीक्षा. दुकानदाराने धर्म सांगावा हे अनेकांना रुचले नाही. रस्त्यात टवाळी झाली, पण त्याने सदतीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, हे काम विनावेतन केले. धर्मग्रंथ मुळातून वाचता यावेत म्हणून तो हिब्रू आणि ग्रीकही शिकला.

आता गिरणीकडे वळू. इंग्लंडमधील रिचर्ड आर्कराइटने पाण्यावर चालणारे सूतकताईचे यंत्र प्रचारात आणले होते. एकापेक्षा एक अधिक वेगाने फिरणाऱ्या रुळांच्या जोड्यांतून कापसाचा पेळू ओढला जाई, बारीक होई आणि चातीवर पीळ घेऊन गुंडाळला जाई. हातकताईला लागणारे बोटांचे कसब आता रुळांनी उचलले. उरले ते तुटलेला धागा सांधणे, भरलेल्या कांड्या उतरवणे आणि साच्याखालचा कापूस झाडणे. त्याला लहान हात पुरत, किंबहुना लहान हातच सोयीचे पडत. १७८४ च्या सुमारास आर्कराइट स्कॉटलंडला आला, तेव्हा डेलने त्याच्यासह क्लाइड नदीचे धबधबे पाहिले आणि जागा नक्की केली. १७८५ साली बांधकाम सुरू झाले, खडकातून बोगदा खणून पाणी आणले गेले आणि १७८६ साली चात्या फिरू लागल्या. आर्कराइटशी असलेली भागीदारी लवकरच मोडली आणि न्यू लॅनार्कचा सारा कारभार एकट्या डेलच्या हाती आला.

खोल घळीत गिरणी उभी राहिली, पण तिच्यात काम कोण करणार? आसपासच्या कुणबिकीतल्या माणसांना घंटेच्या तालावर, चार भिंतींच्या आत राबणे नको होते. डेलने दोन वाटा शोधल्या. उत्तरेच्या डोंगराळ भागातून जमिनीवरून उठवले गेलेले लोक अमेरिकेची वाट धरीत होते. १७९१ साली स्काय बेटावरून निघालेले असे एक जहाज वादळाने ग्रीनॉक बंदरात परत आणून टाकले. त्यावरील लोकांना डेलने काम आणि घर देऊ केले, आणि अनेकांनी ते स्वीकारले. केथनेस भागातूनही कुटुंबे आली. त्यांच्या नावाची घरांची रांग न्यू लॅनार्कला अजून उभी आहे. दुसरी वाट एडिंबरो आणि ग्लासगोच्या अनाथालयांकडे जात होती. तेथील निराधार मुले त्याने गिरणीत आणली.

१७९३ सालचे आकडे उपलब्ध आहेत. एकूण कामकरी ११५७. त्यांपैकी ७९५ मुले, वय सहा ते सतरा. त्या तक्त्यात वयाप्रमाणे नोंद आहे. सहा वर्षांची ५, सात वर्षांची ३३, आठ वर्षांची ७१, नऊ वर्षांची ९५. म्हणजे दहा वर्षांच्या आतली मुले २०४ झाली. आमच्या महाविद्यालयाच्या दोन भरलेल्या वर्गांएवढी ही संख्या. मी तो तक्ता वाचला आणि माझी नजर नऊ वर्षांच्या ओळीवर थांबली. रहाटाशी बसलेला मी त्याच ओळीत मोडलो असतो.

या मुलांचा दिवस असा असे. सकाळी सहाला काम सुरू. नऊ वाजता अर्धा तास न्याहारी, दोन वाजता एक तास जेवण, मग सायंकाळी सातपर्यंत काम. म्हणजे साच्यापाशी साडेअकरा तास. त्यानंतर रात्रीचे जेवण, आणि मग नऊ वाजेपर्यंत शाळा. शाळा खरीखुरी होती. १७९६ सालच्या सुमारास तेथे सोळाएक शिक्षक होते; वाचन, लेखन, गणिताबरोबर शिवण आणि गाणेही शिकवीत. कामाला जाण्याचे वय न झालेल्या बालकांसाठी दिवसाची वेगळी शाळा होती. गिरणीत राहणारी मुले एका बिछान्यावर तिघे झोपत, पण खोल्या रोज झाडल्या जात आणि वर्षातून दोनदा चुना लागे. ओटची लापशी आणि दूध, बार्लीचे कढण, बटाटे, पाव, कधी मांस, कधी मासे, असे पोटभर जेवण मिळे. त्या काळच्या इतर गिरण्यांतील मुलांचे हाल ज्यांनी वाचले आहेत त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. दूरदूरचे लोक न्यू लॅनार्क पाहायला येत. उमेदवार मुलांचे काम बारा तासांवर नेऊ नये आणि त्यांना शिक्षण द्यावे, असा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने १८०२ साली केला. डेलच्या गिरणीत या दोन्ही गोष्टी आधीपासून होत्या.

९ ऑक्टोबर १७८८ रोजी पहिली गिरणी जळून खाक झाली. डेलने कामगारांना वाऱ्यावर सोडले नाही. गिरणी पुन्हा उभी राहीपर्यंत त्यांचे वेतन चालू ठेवले. १७९९-१८०० च्या धान्यटंचाईत त्याने परदेशातून धान्य आणवून गोरगरिबांना स्वस्तात विकले. तुरुंगातील कैद्यांपुढेही तो प्रवचनाला जाई. हे सारे तो दिखाव्यासाठी करीत होता, असे म्हणायला जागा नाही.

तरीही माझ्यातल्या विणकराच्या मुलाला एक प्रश्न सोडीत नाही. आमच्या घरी शाळा आधी होती आणि काम नंतर; डेलच्या गावात साडेअकरा तास काम आधी होते आणि शाळा नंतर. शिक्षक तेच, पाटी तीच, पण सातनंतर पाटीवर पडणारे डोळे कसे असतील? डेलला मुलांनी शिकावे असे मनापासून वाटत होते. त्यासाठी चाक तासभर आधी थांबवावे, असे मात्र त्याला सुचले नाही. दयेचा उगम खरा होता, पण तिला वाहायची परवानगी होती ती चाकाने आखून दिलेल्या पाटातून.

असाच पेच त्याच्या कापसातही होता. त्या काळी स्कॉटलंडच्या गिरण्यांना लागणारा बराचसा कापूस वेस्ट इंडीज बेटांवरून येई आणि तो पिकवीत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. १७९१ साली ग्लासगोत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संस्था निघाली, तिचा अध्यक्ष होता डेव्हिड डेल! साखर-तंबाखूच्या व्यापारावर गबर झालेल्या शहरात असे पद घेणे सोपे नव्हते; त्याच्या बँकेचे ग्राहकही त्याच व्यापाऱ्यांतले. त्याने ते घेतले, हे त्याचे धैर्य. गिरणीत कापूस तोच येत राहिला, ही त्याची मर्यादा.

आपल्या देशाशीही या कथेचा एक धागा जुळतो. १७८७ साली डेलने कॅट्रिन येथे दुसरी मोठी गिरणी काढली ती क्लॉड अलेक्झांडर याच्या भागीदारीत. हे गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील फौजेचे पगारवाटप पाहणारे प्रमुख अधिकारी होते आणि तेथे मिळवलेल्या संपत्तीवर त्यांनी स्कॉटलंडात जहागीर घेतली होती. म्हणजे बंगालमधून गेलेल्या पैशाने गिरणी उभी राहिली, आणि स्कॉटलंडच्या गिरण्यांच्या बारीक सुतावर पेझली-ग्लासगोच्या मागांवर मलमल विणली जाऊ लागली. पुढे त्याच मालाने बंगालच्या मलमलीची बाजारपेठ घेतली. हातमागाच्या घरात वाढलेल्याला हा हिशेब विसरता येत नाही. डेलने आमचे वाईट चिंतले नव्हते. त्याच्या हिशेबाच्या वहीत आम्ही नव्हतोच.

आता थोडे त्याच्या घराविषयी. विल्यम नावाचा मुलगा बालपणीच गेला, १७९१ साली पत्नीही गेली. मागे पाच मुली राहिल्या. थोरली कॅरोलाइन तेव्हा बारा वर्षांची होती. घराची किल्ली तिच्या कमरेला आली. ग्लासगोच्या जुन्या आठवणींत एक गमतीची हकीकत नोंदलेली आहे. नोव्हेंबर १७९५ मध्ये डेलने रॉयल बँकेच्या संचालकांना मेजवानी दिली, आणि नेमका त्याच दिवशी क्लाइडला पूर आला. तळघरातल्या स्वयंपाकघरात पाणी शिरून चुली विझल्या. शेजाऱ्यांनी आपल्या चुली मोकळ्या करून दिल्या. प्रश्न उरला तळघरातल्या मद्याचा. कोणती बाटली कोठे हे फक्त कॅरोलाइनला ठाऊक. तेव्हा सतरा वर्षांची ही मुलगी एका हमालाच्या पाठीवर बसून पाण्यातून तळघरात गेली आणि तिने बाटल्या दाखवून दिल्या. पाहुणे जेवून तृप्त झाले.

याच कॅरोलाइनची मँचेस्टरहून आलेल्या एका तरुण गिरणी-व्यवस्थापकाशी ओळख झाली. तो रॉबर्ट ओवेन. जन्म १७७१, वेल्समधल्या न्यूटाउन गावचा. तिने त्याला वडिलांची गिरणी पाहण्याची सोय करून दिली. पुढे तिला मागणी घालायची तर तिच्या वडिलांना भेटायला काही निमित्त हवे, म्हणून ओवेनने गिरणी विकत घेण्याची गोष्ट काढली. डेलला हा परका, वयाने लहान आणि धर्माच्या बाबतीत मोकळ्या विचारांचा तरुण प्रथम पसंत नव्हता. मुलीचा निश्चय मात्र पक्का होता: वडिलांच्या संमतीशिवाय लग्न नाही, आणि दुसऱ्या कोणाशीही नाही. अखेर सौदाही जमला आणि सोयरीकही. १७९९ साली ओवेन आणि त्याच्या भागीदारांनी साठ हजार पौंडांना न्यू लॅनार्क घेतले. दरसाल तीन हजारांप्रमाणे वीस वर्षांत फेड ठरली. ३० सप्टेंबर १७९९ रोजी लग्न झाले आणि १८०० सालापासून ओवेनने गिरणी हाती घेतली.

धर्मावर सासरे-जावयांचे मुळीच पटत नसे. दोघे तासन् तास वाद घालीत आणि तरी एकमेकांवर जीव लावीत. मार्च १८०६ मध्ये डेल निवर्तला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवला. तो दिवस त्याला पाहायला मिळाला नाही.

ओवेनने अनाथालयांतून मुले आणणे बंद केले, दहा वर्षांच्या आतील मुलांना कामावर घेणे थांबवले, कामाचे तास कमी केले आणि १८१६ साली शिक्षणमंदिर उघडले. अगदी लहान बालकांच्या शाळेसाठी ते जगभर गाजले. सासऱ्याला न सुचलेले पाऊल जावयाने टाकले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्रात त्याने आपल्या आधीचे न्यू लॅनार्क काळ्या रंगात रंगवले आणि पुढच्या लेखकांनी तेच गिरवले. मीही त्यांपैकीच एक.

ओवेन पुढे अमेरिकेत न्यू हार्मनी येथे आदर्श वसाहत काढायला गेला. कॅरोलाइन स्कॉटलंडातच राहिली. पतीने साऱ्या धर्मांवर जाहीर टीका केली तरी तिने वडिलांची श्रद्धा सोडली नाही, आणि पतीविषयीचे प्रेमही सोडले नाही. १८३१ साली ती वारली. तिचे चारही मुलगे अमेरिकेत स्थायिक झाले. आजोबांच्या मृत्यूनंतर वर्षभराने जन्मलेल्या डेव्हिड डेल ओवेनने त्यांचे नाव भूगर्भशास्त्रात नेले. रिचर्ड पर्ड्यू विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष झाला. थोरला रॉबर्ट डेल ओवेन अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून गेला, आणि १८६२ साली त्याने अध्यक्ष लिंकन यांना पत्र लिहून गुलामांना मुक्त करण्याचा आग्रह धरला. आजोबांच्या गिरणीत गुलामांनी पिकवलेला कापूस येत होता आणि आजोबाच गुलामांच्या व्यापाराविरुद्ध सभेचे अध्यक्षपद भूषवीत होते. त्या घराण्यात अर्धवट राहिलेले एक काम नातवाने असे पुढे नेले.

न्यू लॅनार्कच्या गिरण्या १९६८ साली थांबल्या. २००१ साली युनेस्कोने ते गाव जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

विद्यार्थी मित्रांनो, हे लिहिण्याचे खरे कारण आता सांगतो. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा पहिल्याच तासाला डुलक्या घेई. मी त्याला दोनदा सर्वांसमोर उभे केले आणि शिक्षणाचे महत्त्व या विषयावर चांगली दहा मिनिटे सुनावले. तो मुकाट्याने ऐकत राहिला. नंतर त्याच्या मित्राने सांगितले की तो यंत्रमागावर रात्रपाळी करून थेट वर्गात येतो. न्यू लॅनार्कच्या रात्रशाळेविषयी मी वाचत होतो तेव्हाची ही गोष्ट. डेलला चाक तासभर आधी थांबवायचे का सुचले नाही, असा प्रश्न मी शांतपणे वहीत टिपून ठेवला होता. कांड्या भरणाऱ्या माझ्यासाठी माग थांबवणाऱ्या बापाचा मुलगा मी. आणि मला त्या मुलाला साधे विचारायचेही सुचले नव्हते की तो किती वाजता झोपला.

मी त्याला खोलीत बोलावले, चहा मागवला आणि आपली चूक कबूल केली. हल्ली आठवड्यातून दोन दिवस दुपारी चार वाजता तो आणि त्याच्यासारखे आणखी तिघे माझ्याकडे येतात, आणि बुडालेले धडे आम्ही पुन्हा वाचतो. गोकाकच्या सहलीत प्रश्न विचारणारा विद्यार्थीही त्यांत असतो. न्यू लॅनार्क कोणी वसवले, याचे बरोबर उत्तर मी त्याला सर्वांसमक्ष दिले.